रोजचं इराणी हॉटेल, संध्याकाळचे तीन चहा आणि रात्री दीडपर्यंत जाग

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ७२ वर्षांचे, पुण्यात राहतात. रोज संध्याकाळी ६ ते साडेआठ नाक्यावरच्या जुन्या इराणी हॉटेलात मित्रांबरोबर बसतात. तीन चहा, एक बन मस्का, कधी ऑम्लेट-पाव. साडेनऊला जेवण, १० वाजता अंथरुणात, पण दीडपर्यंत डोळा लागत नाही. रात्री लघवीसाठी तीनदा उठतात, सकाळी ८ ला जाग येते, दुपारी दीड तास झोपतात. आता तुमचे दोन प्रश्न: हॉटेल बंद करायचं का, आणि झोपेची गोळी सुरू करायची का?

हॉटेल बंद करू नका. गोळीही आत्ता नको. बदलायची आहे ती वेळ. चहाची, जेवणाची, अंथरुणाची, आणि जमलं तर हॉटेलात जायचीही.

आधी हिशोब करू, कारण घरातल्यांना दिसतं ते वेगळं आणि घड्याळ सांगतं ते वेगळं. रात्री १० ते सकाळी ८ म्हणजे १० तास वडील अंथरुणात आहेत. त्यातले साडेतीन तास सुरुवातीलाच जागे. तीन वेळा उठण्यात मिळून तासभर जातो. उरली साडेपाच तास झोप. त्यात दुपारची दीड तास मिळवा, म्हणजे २४ तासांत ७ तास. पासष्टीपुढच्या माणसाला साधारण ७ ते ८ तास पुरतात. म्हणजे झोप फारशी कमी पडलेली नाही. ती साडेअकरा तासांवर पातळ पसरली आहे. रात्रीच्या अंथरुणातला झोपेचा वाटा जेमतेम ५५ टक्के आहे. तो ८५ च्या आसपास हवा. हे लक्षात आलं की ‘लवकर आडवं पडा म्हणजे लवकर झोप लागेल’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला इथे उलटा का पडतो तेही कळतं. १० ला आडवं पडल्यामुळे झोप वाढलेली नाही, तळमळण्याचे तास वाढले आहेत. आणि रोज तीन-साडेतीन तास अंथरुणात जागं पडलं की शरीराला अंथरुण म्हणजे जागायची जागा अशी सवय लागते. टीव्हीसमोर खुर्चीत डुलक्या येतात आणि गादीवर पाठ टेकताच डोळे उघडतात, अशी तक्रार असेल तर ती याचीच खूण.

आता चहा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चहाच्या एका कपात (१५० मिली) ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. हॉटेलातला कप लहान असतो, म्हणून एका कपाचे ४० धरू. हे कॅफिन अर्धं व्हायला सरासरी ५ तास लागतात. माणसागणिक ते दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत बदलतं. सहा, सात आणि आठ वाजता एकेक कप घेतला तर रात्री ११ वाजता अंगात अजून ७० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन शिल्लक असतं. जवळजवळ दोन कप चहा पिऊन अंथरुणात शिरल्यासारखंच हे झालं. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यातून झोपेची गुंगी येते. कॅफिन नेमकं त्याच्याच जागा अडवून बसतं. ॲडेनोसिन असतं, पण त्याचा निरोप पोहोचत नाही.

‘मला चहाने काही होत नाही, पिऊनही झोप लागते’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना झोप लागतेही, पण ती उथळ असते आणि ते स्वतःला जाणवत नाही. २०१३ मधल्या एका अभ्यासात झोपण्याच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून जास्त घटली होती. तो डोस मोठा होता हे खरं, पण सहा तासांचं अंतर पुरेसं नसतं एवढं त्यातून कळतं. म्हणून ११ ला झोपणाऱ्या या वयाच्या माणसाने शेवटचा चहा दुपारी २ पर्यंत घ्यावा, फार तर ३. वडिलांनी अलीकडे सिगारेट सोडली असेल तर आणखी सांभाळा. धूम्रपानाने कॅफिन लवकर निघून जातं. ते थांबलं की तोच चहा अंगात कितीतरी जास्त वेळ राहतो. काही औषधांनीही तसंच होतं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक त्यातलं एक.

हॉटेलातल्या चहाबद्दल दोन गैरसमज पक्के आहेत. पहिला असा की, दिवसभर विस्तवावर राहिलेला कडक चहाच झोप उडवतो. कॅफिन पाण्यात पटकन उतरतं, बहुतेक भाग पहिल्या काही मिनिटांतच. पुढे उकळत राहिल्याने वाढतो तो मुख्यतः तुरटपणा. पावडर किती घातली आणि किती कप झाले यावर कॅफिन ठरतं, कडूपणावर नाही. त्यामुळे ‘पानी कम’ (कमी पाण्याचा कडक चहा) ऐवजी साधा चहा मागवून विशेष फायदा नाही. दुसरा गैरसमज, बिनदुधाचा सुलेमानी किंवा ग्रीन टी हलका असतो. दोन्ही चहाच्याच पानाचे आहेत. त्यांतही कॅफिन आहे, कोलामध्ये आहे, आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्येही आहे. गोळीच्या पाकिटावर घटक वाचा.

तीन कप एका दिवसात तोडू नका. रोज चहा घेणाऱ्याने तो अचानक सोडला की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, आणि हे आठवडाभर चालू शकतं. मग चौथ्या दिवशी ‘हा प्रकार आपल्याला झेपत नाही’ म्हणून सगळंच बंद पडतं. आधी आठचा कप काढा. तीन-चार दिवसांनी सातचा. मग सहाचा कप दुपारी २ वर आणा. संध्याकाळी हॉटेलात बसायचंच असेल तर हातात काहीतरी लागतंच, तेव्हा अर्धा कप गरम दूध किंवा कमी साखरेचं लिंबू-सोडा चालेल. रास्पबेरी सोड्यात कॅफिन नसतं पण साखर भरपूर असते. मधुमेह असेल तर तो नको. टेबल अडवून काहीच मागवत नाही याचा संकोच जुन्या गिऱ्हाइकांना फार असतो. काउंटरवर एकदा सांगून ठेवा, वेटर आपोआप दूध आणून ठेवेल. रोजच्या माणसाची ऑर्डर लक्षात ठेवणं हे जुन्या हॉटेलांचं वैशिष्ट्यच आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

यापेक्षा चांगला बदल म्हणजे संध्याकाळची बैठक सकाळी नेणं. मुंबईत धोबी तलावाजवळचं १९०४ चं क्यानी असो की पुण्यात डेक्कनचं १९३५ चं गुडलक, जुनी इराणी हॉटेलं सकाळी लवकर उघडतात, आणि ताजा ब्रून (कडक पाव) तर सकाळीच खावा. वडिलांनी साडेसहाला उठून ७ वाजता चालत हॉटेलात जावं, बाहेरच्या किंवा रस्त्याकडेच्या टेबलावर बसावं, दोन चहा आणि ब्रून मस्का तिथेच व्हावा. यात एका फेरीत चार गोष्टी साधतात. उठायची वेळ पक्की होते, चालणं होतं, माणसं भेटतात, आणि सकाळचा उजेड डोळ्यांत जातो. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व लोकांना सर्वांत कमी वाटतं. शरीराचं आतलं घड्याळ उजेडावर लागतं. घरात ट्यूबलाइटखाली १०० ते ३०० लक्स उजेड असतो, बाहेर ढगाळ सकाळीही तो काही हजार लक्स असतो. सकाळी अर्धा तास बाहेर घालवला की रात्रीची झोपेची वेळ हळूहळू अलीकडे सरकते. गॉगल घालू नये, सूर्याकडे थेट पाहू नये, टोपी चालेल. वडिलांना मोतीबिंदू असेल तर डोळ्यांत उजेड कमी पोहोचतो. तेव्हा पाऊण-एक तास बसणं बरं.

अडचण येते ती मित्रांची. टोळकं संध्याकाळचं असेल तर एकट्याने सकाळी जाऊन बसण्यात काय मजा? सगळ्यांना हलवायचा प्रयत्न करू नका, तो फसतो. एक-दोन जण पकडा. त्या वयातल्या टोळक्यात झोपेची तक्रार असलेला दुसरा कुणी नक्की असतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस संध्याकाळची बैठक ठेवायलाही हरकत नाही, फक्त चहाशिवाय आणि ८ पर्यंत. घरच्यांनी हॉटेल पूर्ण बंद केलं की दिवसभरातली एकमेव ठरलेली वेळ जाते, माणूस सोफ्यावर बसून राहतो, संध्याकाळीही डुलक्या घेतो आणि झोप आणखी विस्कटते. चहा तोडायच्या नादात माणसांची भेट तुटली असं व्हायला नको.

खाण्याकडे येऊ. सातला बन मस्का आणि ऑम्लेट झालं की साडेआठला भूक नसते, म्हणून जेवण साडेनऊवर जातं, आणि लगेच दहाला आडवं. पोट भरलेलं, वर मस्क्याची चरबी, तीही पोट रिकामं व्हायला वेळ लावते. आडवं झाल्यावर आम्ल वर येतं. छातीत जळजळ जाणवेलच असं नाही. काहींना नुसती झोपमोड होते, सकाळी तोंड आंबट लागतं, कोरडा खोकला येतो. जेवण ८ वाजता व्हावं, जेवणात नि झोपण्यात निदान अडीच-तीन तास असावेत. संध्याकाळी खायचंच तर साडेपाचच्या आत अर्धा बन, ऑम्लेट नको. आंबट ढेकर येत असतील तर डाव्या कुशीवर झोपायला सांगा आणि पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली ठोकळे किंवा विटा देऊन तो १५ ते २० सेंटिमीटर उचला. दोन-तीन उशा एकावर एक ठेवू नका. त्याने कंबरेत घडी पडते, पोटावर दाब येतो आणि जळजळ वाढते. दिवाण उचलता येत नसेल तर कंबरेपासून डोक्यापर्यंत उतरती येणारी फोमची पाचर मिळते, ती वापरा.

झोपताना जायफळ घातलेलं दूध द्यावं का, असं विचारलं जातंच. चिमूटभर जायफळाने नुकसान नाही; गरम दुधाचा विधी म्हणून काहींना बरं वाटतं. पण ‘जास्त घातलं तर जास्त झोप’ हा हिशोब चुकीचा आणि धोक्याचा आहे. ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक अख्खं जायफळ पोटात गेलं तर मळमळ, धडधड आणि भ्रम होऊ शकतो. आणि रात्री तीनदा उठणाऱ्याला झोपताना पेलाभर दूध देणं तसंही शहाणपणाचं नाही.

आता मुख्य काम. अंथरुणातला वेळ कमी करायचा आणि तो झोपेने भरायचा. एका वहीत रोज सकाळी चार आकडे लिहा: अंथरुणात कधी गेले, साधारण कधी झोप लागली, रात्री एकूण किती वेळ जाग होती, कधी उठले. अंदाजाने लिहा, रात्री घड्याळ पाहून नाही. रात्री घड्याळ पाहणं हाच झोपेचा शत्रू आहे, ते भिंतीकडे फिरवून ठेवा. एक आठवडा नुसतं लिहा. मग उठायची वेळ साडेसहा अशी पक्की करा, रविवारीसुद्धा, रात्र कशीही गेली तरी. पहिला आठवडा ११ ला अंथरुणात, दुसरा आठवडा साडेअकराला, तिसरा १२ ला. त्याहून कमी करू नका. दर आठवड्याला झोपेचे तास भागिले अंथरुणातले तास हे गणित मांडा. ८५ टक्क्यांच्या वर गेलं की झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा, आठवडाभर टिकलं तर आणखी १५. ८० च्या खाली असेल तर आहे तिथेच थांबा. तरुणांमध्ये हा वेळ एकदम साडेपाच-सहा तासांवर आणतात. सत्तरीत असा हप्त्याहप्त्याने आणलेला बरा, कारण झोपाळलेला वृद्ध माणूस पडतो.

दुपारची झोप दीड तासावरून २० ते ३० मिनिटांवर आणा, तीनच्या आत, गजर लावून. वामकुक्षीच करावी, गाढ झोप नको. पहिले आठ-दहा दिवस दुपारी डोळे मिटतात, चिडचिड होते. त्या वेळी घरातल्या कुणीतरी बाहेर एक चक्कर मारायला न्यावं. या टप्प्यावर बरेच लोक सोडून देतात, कारण झोप सुधारायच्या आधी बिघडल्यासारखी वाटते. हे आधीच सांगून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंथरुणात पडल्यावर झोप लवकर लागू लागते.

रात्री साधारण २० मिनिटं झोप आली नाही असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत खुर्चीत बसावं. मंद पिवळा दिवा, एखादा जुना दिवाळी अंक, मोबाइल आणि बातम्या नाहीत. डोळे जड झाले की परत यावं. पुन्हा झोप नाही तर पुन्हा उठावं. थंडीत किंवा गुडघे दुखत असतील तर पलंगावरच उशीला टेकून बसलं तरी चालेल. साडेआठ ते अकरा हा वेळ कसा भरायचा हेही ठरवा, नाहीतर टीव्हीसमोर साडेनऊलाच डुलकी लागते आणि रात्रीची गुंगी तिथेच खर्च होते. झोपण्याच्या १ ते २ तास आधी कोमट ते गरम पाण्याने १० मिनिटं अंघोळ केली तर हातापायांच्या त्वचेतून शरीराची उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. पुण्यातल्या एप्रिल-मेमध्येही हे लागू आहे. अंघोळीनंतर पंखा, एसी असेल तर २५-२६ वर.

लघवीसाठी तीनदा उठणं याकडे ‘वय झालं’ म्हणून पाहू नका. सातनंतर पाणी घोटभरच, संध्याकाळचे चहा गेले की एक फेरी आपोआप कमी होईल. संध्याकाळी घोट्यांना सूज असेल (रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेणाऱ्यांत ती येते) तर दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर मूत्रपिंडाकडे वळतं. दुपारी ४ च्या सुमारास तासभर पाय उशीवर उंच करून बसवा, म्हणजे ते पाणी दिवसाच बाहेर पडेल. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी रात्री घेत असतील तर वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. स्वतः बदलू नका. प्रोस्टेट आणि साखर तपासलेली असावी. पलंग ते संडास वाटेत पायपुसणी, वायर नको, जमिनीलगत एक मंद दिवा हवा.

पाय रात्री स्वस्थ राहत नाहीत, आत काहीतरी वळवळतं, हलवलं की बरं वाटतं, असं वडील सांगत असतील तर रक्तातलं फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासा. ते ७५ च्या आत असेल तर लोहाची गोळी उपयोगी पडू शकते, पण आधी लोह का कमी झालं ते शोधावं लागतं. इथेही चहा आडवा येतो. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

गोळीबद्दल. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दीर्घ निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून सवयी आणि विचार बदलण्याची पद्धत सुचवली, औषध नंतर. वर दिलेला अंथरुणाच्या वेळेचा कार्यक्रम तिचाच गाभा आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांनी सत्तरीत तोल जातो, रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं, विसरभोळेपणा वाढतो. आधीपासून चालू असतील तर एकदम थांबवू नका; डॉक्टरांकडून काही आठवड्यांत कमी करत न्याव्या लागतात. सर्दीच्या गोळीने झोप येते म्हणून रोज ती घेणं प्रोस्टेटवाल्या माणसाला महागात पडतं, लघवी अडू शकते. मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या गोळीचा परिणाम सौम्य असतो. युरोपात ५५ वर्षांपुढच्यांसाठी हळू सुटणाऱ्या २ मिलिग्रॅमला मान्यता आहे, पण डॉक्टरांना विचारूनच.

हा घरचा कार्यक्रम सुरू करण्याआधी तीन गोष्टी पाहा. वडील जोरात घोरतात का, मध्येच श्वास थांबून दचकून उठतात का, दिवसा बसल्या बसल्या झोपतात का? यातलं काही असेल, रक्तदाब असेल, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त असेल, तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी आधी करा. वारंवार लघवीचं तेही एक कारण असतं, आणि तिथे झोपेची गोळी घातक ठरू शकते. ही तपासणी घरी एका रात्रीत होते: बोटाला, छातीला आणि नाकाखाली संवेदक लावून झोपायचं. तासाला श्वास अडखळण्याची संख्या ५ च्या आत ठीक, १५ च्या वर मध्यम, ३० च्या वर तीव्र. अपस्मार असेल, पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला असेल, किंवा वडील अजून स्कूटर चालवत असतील, तर अंथरुणाचा वेळ कमी करण्याचा भाग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. स्कूटर पहिले तीन आठवडे बंदच ठेवा. गेल्या काही महिन्यांत कशातच मन लागत नाही, हॉटेलात जायचाही कंटाळा येतो, पहाटे चारला जाग येऊन पुन्हा झोप नाही, असं चित्र असेल तर ते नैराश्याकडे बोट दाखवतं आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं लागेल. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आयुर्वेदिक आणि सर्दी-डोकेदुखीच्या गोळ्यांसकट.